दुपारी एक ते दीड : चौथीच्या वर्गातील एका प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ५ जानेवारी २०२६

नाताळच्या सुट्टीनंतर आज शाळा उघडली. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याची राजधानी लिंकन हिच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहान गावातील लूथरन शाळेत, म्हणजे मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, मी तिसरी-चौथीच्या एकत्रित वर्गाची सहाय्यक शिक्षिका आहे. एका खोलीत सतरा मुले, एक वर्गशिक्षक आणि मी, असा आमचा संसार आहे. धर्मशिक्षणाचा तास वर्गशिक्षक घेतात, कारण त्यांना मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, रीतसर पाचारण करून नेमलेले आहे आणि त्यांचे काम चर्चच्या सेवेचाच भाग मानले जाते. मी लूथरन नाही. माझ्याकडे वाचन, गणिताची उजळणी आणि चौथीचा नेब्रास्काचा इतिहास एवढेच विषय आहेत.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात देशभरातील लूथरन शाळा आपला सप्ताह साजरा करतात. त्यासाठी प्रत्येक वर्गाने चर्चच्या सभागृहात एक टेबल मांडायचे, असे मुख्याध्यापकांनी आजच्या बैठकीत सांगितले. आमच्या वर्गाकडून दरवर्षी ‘लूथरचा गुलाब’ मांडला जातो : मध्यभागी काळा क्रूस, त्याभोवती लाल हृदय, पांढरा गुलाब, निळी पार्श्वभूमी आणि सोनेरी कडे. हे सुंदर दिसते, पण मुलांना आता ते डोळे मिटूनही काढता येते. त्याऐवजी चौथीच्या इतिहासातला एखादा विषय घेऊ का, असे मी विचारले आणि १९२० मध्ये जर्मनमधून शिकवताना पकडल्या गेलेल्या रॉबर्ट मेयर या नेब्रास्काच्याच शिक्षकाचे नाव पुढे केले. वर्गशिक्षक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “त्यांची शाळा येथून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे आणि मी कधी मुलांना तिच्याविषयी सांगितलेले नाही.” विषय ठरला.

बुधवार, ७ जानेवारी

बुधवार म्हणजे चॅपलचा, शाळेच्या सामूहिक उपासनेचा दिवस. सव्वाआठ वाजता सगळी शाळा रांगेने चर्चमध्ये जाते, आठवीची मुले बालवाडीच्या मुलांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवतात आणि अर्पणाची टोपली फिरते. या महिन्याचे अर्पण गावातील गरजूंसाठी चालणाऱ्या धान्यकोठीला जाणार आहे. तीन ज्ञानी पुरुषांचा सण कालच झाल्यामुळे वेदीवर अजून पांढरे वस्त्र आहे. पुढच्या आठवड्यात ते हिरवे होईल आणि तिसरीची मुले, नेहमीप्रमाणे, रंग बदललेला सर्वांत आधी ओळखल्याचे श्रेय घेण्यासाठी भांडतील.

दुपारी प्रकल्पाचा पहिला तास झाला. मेयरबद्दल मी एक शब्दही सांगितला नाही. फक्त घरी विचारून यायला एक प्रश्न दिला : तुमचे आजी-आजोबा किंवा त्यांचे आई-वडील जेवणापूर्वीची प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणत असत?

शुक्रवार, ९ जानेवारी

सतरांपैकी पंधरा उत्तरे आली. दहा घरांत पूर्वी जर्मन होती, दोन घरांत चेक आणि एका घरात स्पॅनिश. एका मुलीच्या घरी नुएर भाषा आहे. तिचे आई-वडील दक्षिण सुदानमधून आलेले असून ते आजही त्याच भाषेत प्रार्थना करतात, म्हणजे पूर्वीची भाषा आणि आताची भाषा एकच असलेले तेवढे एकच घर निघाले. पंधरावा मुलगा म्हणाला, “आमच्याकडे फक्त इंग्रजी आहे, पण आजोबा कुत्र्याशी जर्मन बोलतात.” वर्ग खूप हसला. मी हसू शकले नाही, कारण माझी मुलगी माझ्याशी बारा महिने इंग्रजीत बोलते आणि मराठी राखून ठेवते ती मांजरासाठी.

एका मुलीने रुमालात गुंडाळून एक पुस्तक आणले. पणजोबांचा ‘छोटा कॅटेकिझम’, म्हणजे मार्टिन लूथरने १५२९ साली घराघरांतील मुलांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेली श्रद्धेची पुस्तिका. तिची शिवण उसवलेली आहे आणि पहिल्या पानावर शाईने एक जर्मन नाव लिहिलेले आहे. मुलांना या पुस्तिकेची इंग्रजी आवृत्ती अर्धीअधिक पाठ आहे, कारण दर शुक्रवारी त्यातूनच पाठांतर घेतले जाते. तरीही हे पुस्तक कोणते, हे कुणालाही ओळखता आले नाही.

सोमवार, १२ जानेवारी

पुस्तक ओळखता का येत नाही, याचे कारण आज मुलांनी स्वतः शोधून काढले. भाषा परकी आहे हे तर झालेच, पण अक्षरेही परकी आहेत. ही फ्राक्टुर लिपी. कोनदार, मोडलेल्या रेघांची, काळ्या शाईने पान भरून टाकणारी. जर्मनीत १९४१ मध्ये ती अधिकृत वापरातून काढून टाकण्यात आली. अमेरिकेतील जर्मन शाळांत मात्र ज्यांनी ती शिकली, ते तीच लिपी घेऊन म्हातारे झाले. आता त्यांची पतवंडे जर्मन शिकली, तरी घरातले पुस्तक त्यांना वाचता येणार नाही.

हे मला चांगले समजते. आमच्या घरी, वाईला, आजोबांच्या पेटीत जमिनीचे जुने कागद होते आणि ते सगळे मोडीत होते. भाषा माझीच, गाव माझे, खाली सही माझ्या पणजोबांची, आणि तरीही त्यातली एक ओळ मला लागत नव्हती. मी फळ्यावर बाळबोध ‘क’ काढला आणि जसा आठवला तसा मोडीतला ‘क’ त्याच्या शेजारी काढला. “हे एकच अक्षर आहे?” असे तिसरीतल्या एका मुलाने संशयाने विचारले. मोडीतला माझा ‘क’ बरोबर होता की नाही, याची खात्री देणारे वर्गात कुणी नव्हते, ही त्यातल्या त्यात सोय.

मग प्रत्येकाने त्या पुस्तकातील एक ओळ पाहून तशीच्या तशी उतरवायची असे ठरले. सगळ्यांनी मिळून निवडलेली ओळ अगदी छोटी आहे आणि पुस्तकात ती पुन्हा पुन्हा येते. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञेनंतर, श्रद्धेच्या प्रत्येक कलमानंतर लूथर विचारतो : ‘वास इस्ट दास?’ इंग्रजी आवृत्तीत त्याचे ‘याचा अर्थ काय?’ असे भारदस्त भाषांतर आहे. जर्मनमध्ये शब्दशः ते ‘हे काय आहे?’ एवढेच आहे. दोन वर्षांचे मूल बोट दाखवून विचारते, तसे. मला जर्मनमधला प्रश्न अधिक आवडला.

बुधवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. तिळगूळ वर्गात नेता आला नाही, कारण एका मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, आणि अमेरिकेत २०२३ पासून तिळाची गणना शेंगदाणे, दूध, अंडी यांच्याबरोबर प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांमध्ये होते. त्यामुळे वर्गाच्या दारावर जी यादी चिकटवलेली आहे तिच्यात तीळ ठळक अक्षरांत आहे. तिळाशिवाय संक्रांत म्हणजे काय, असे माझ्या आईने फोनवर विचारले. मी म्हटले, शब्द तरी नेते.

योग असा की या आठवड्याच्या पाठांतराला आठवी आज्ञा होती. लूथरन क्रमानुसार आठवी आज्ञा म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देणे. लूथरने तिचे जे स्पष्टीकरण केले आहे ते केवळ खोटे बोलू नये एवढ्यावर थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, इथपर्यंत ते जाते. वर्गशिक्षकांनी हे समजावून झाल्यावर मला पुढे बोलावले. मी फळ्यावर देवनागरीत ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ असे लिहिले, आमच्याकडे आजच्या दिवशी हे म्हणून भांडणे मिटवतात असे सांगितले आणि तिळगूळ मिळणार नाही हेही कबूल केले. ‘गोड गोड’ हे शब्द मुलांना फार आवडले. इंग्रजी कानाला ते देवाच्या नावासारखे ऐकू येतात. दिवसभर एकमेकांना ‘गोड गोड’ म्हणत ती हिंडत होती, त्यांपैकी निम्मी तरी देवालाच हाक मारीत असावीत. वर्गशिक्षकांनी त्यांना थांबवले नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज मेयरची गोष्ट सांगितली. ही नोंद लांबणार आहे.

१८३९ साली जर्मनीतील सॅक्सनीहून आलेले लूथरन स्थलांतरित मिझुरी राज्यात स्थिरावले, आणि डोक्यावर नीट छप्पर येण्याच्या आतच लाकडी ओंडक्यांच्या खोलीत त्यांची शाळा सुरू झाली. १८४७ मध्ये शिकागोत त्यांच्यासारख्या मंडळ्यांची मिळून जी संस्था स्थापन झाली, तिच्या नावातच ‘जर्मन’ हा शब्द होता. शाळा चर्चच्या शेजारी असायची आणि शिक्षण जर्मनमधून चालायचे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन ही शत्रूची भाषा झाली. त्याच वर्षी संस्थेने आपल्या नावातून तो शब्द काढून टाकला. दोन वर्षांनी, म्हणजे युद्ध संपल्यानंतर, नेब्रास्काच्या विधिमंडळाने कायदा केला की कोणत्याही शाळेत, मग ती खासगी असली तरी, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून काही शिकवायचे नाही आणि आठवी उत्तीर्ण झाल्याशिवाय मुलाला परकी भाषाही शिकवायची नाही. दंड २५ ते १०० डॉलर किंवा ३० दिवसांपर्यंतचा तुरुंगवास.

यॉर्क आणि ऑरोरा या दोन गावांच्या मधे हॅम्प्टन आहे. तेथील झायन लूथरन शाळेत मेयर शिकवत. कायदा शाळेच्या वेळेपुरताच आहे, असे मानण्यास एका आधीच्या निकालामुळे वाव होता, म्हणून शाळेने दुपारची सुट्टी लांबवली. एक ते दीड ही वेळ शाळेची नव्हेच. त्या अर्ध्या तासात मुले राजीखुशीने थांबत आणि मेयर त्यांना जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवत. आईवडिलांनी घरी आणि चर्चमध्ये म्हटलेली प्रार्थना मुलांना कळावी, एवढाच हेतू. २५ मे १९२० रोजी काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, सरकारी वकील वर्गात आले. त्या वेळी दहा वर्षांचा रेमंड पारपार्ट नावाचा मुलगा जर्मनमधून वाचत होता. वकील दारात दिसताच इंग्रजीकडे वळलो असतो तर काहीच झाले नसते, हे मेयर यांना ठाऊक होते. ते वळले नाहीत. त्यांना २५ डॉलर दंड झाला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

येथे मी थांबले आणि वर्गाला विचारले, तुम्ही मेयर असता तर? सगळ्यांनी एका सुरात, जर्मनच चालू ठेवले असते, असे सांगितले. नऊ वर्षांचे मूल गोष्टीतल्या शूराच्या बाजूने असणारच. पण नुएर बोलणाऱ्या मुलीने हात वर केला आणि शांतपणे सांगितले, तिच्या आईला इंग्रजी येत नव्हते तेव्हा दवाखान्यात फार त्रास झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी इंग्रजी शिकावे असे म्हणणारी माणसे वाईटच असतील असे तिला वाटत नाही. वर्ग गप्प झाला. वर्गशिक्षकांनी तिला सांगितले की नेमका हाच मुद्दा घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्ती वेगळ्या मताचे राहिले आणि त्यांपैकी एक, ऑलिव्हर वेंडेल होम्स, देशातील सर्वांत आदरणीय न्यायमूर्तींमध्ये गणले जात. आठव्या आज्ञेचा यापेक्षा चांगला पाठ मी पाहिलेला नाही, आणि तो देणाऱ्या मुलीला पाठांतरात आज दोन चुकांमुळे पूर्ण तारा मिळाला नव्हता.

निकाल ४ जून १९२३ रोजी लागला. सात विरुद्ध दोन अशा मतांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेयर यांची शिक्षा रद्द केली. शिक्षकाला शिकवण्याचा आणि आईबापांना आपल्या मुलासाठी असा शिक्षक नेमण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेल्या स्वातंत्र्यातच येतो, असे न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी लिहिले. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढून वर गेलेला हा खटला आज अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकावा लागतो. तो लढवणारे वकील आर्थर मलेन हे ओमाहाचे आयरिश कॅथलिक होते, हे मी मुद्दाम सांगितले, कारण आमच्या वर्गात कॅथलिक घरांतील तीन मुले आहेत आणि लूथरन सप्ताहात त्यांना कधी कधी पाहुण्यासारखे वाटते.

मंगळवार, २० जानेवारी

काल मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुट्टी होती. आज वाऱ्यामुळे अंगाला लागणारी थंडी शून्य फॅरेनहाइटच्या खाली आहे, त्यामुळे मधली सुट्टी वर्गातच झाली. सतरा मुले चाळीस मिनिटे एका खोलीत कोंडली की इतिहास पुढे सरकत नाही. प्रकल्पाचे काम शून्य. हरवलेला एक हातमोजा मिळाला आणि दोन नवे हरवले.

गुरुवार, २२ जानेवारी

चूक झाली आणि ती माझी होती. टेबलाच्या मागे लावायच्या मोठ्या फलकावर मुलांनी ‘वास इस्ट दास?’ ही ओळ पुस्तकातली पाहून वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवली. मी ती तपासली आणि सुंदर म्हणून शाबासकी दिली. दुपारी मंडळीतील नव्वदी ओलांडलेल्या एक आजी, ज्यांना आम्ही पुस्तक वाचून दाखवायला बोलावले होते, काठी टेकत आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इफ्ट? हे इफ्ट काय आहे?”

फ्राक्टुरमध्ये ‘स’चे दोन आकार असतात. शब्दाच्या शेवटी येणारा आखूड आणि मधे येणारा लांब. लांब ‘स’ जवळजवळ ‘फ’सारखा दिसतो, फक्त त्याची आडवी रेघ पूर्ण जात नाही. ‘वास’ आणि ‘दास’ मध्ये ‘स’ शेवटी असल्याने मुलांनी तो बरोबर काढला होता. ‘इस्ट’मधल्या ‘स’ला मात्र सतरा जणांनी मिळून आडवी रेघ पूर्ण ओढून दिली होती. मी मुलांना धीर द्यायच्या विचारात होते, पण आजींनीच खुर्ची ओढून घेतली आणि सांगितले की शाळेत असताना त्यांनीही हेच केले होते आणि त्यांच्या मास्तरांनी त्यांच्याकडून तो शब्द पन्नास वेळा लिहून घेतला होता.

मग त्यांनी पुस्तक उघडले आणि वाचले. चष्मा न लावता. वाचत होत्या की म्हणत होत्या, हे नंतर माझ्या लक्षात आले, कारण त्यांनी पान उलटले नाही आणि तरी मजकूर पुढे जात राहिला. प्रभूची प्रार्थना, तिचे स्पष्टीकरण, मग जेवणापूर्वीची प्रार्थना. मुलांना एक अक्षर कळत नव्हते, पण लय ओळखीची होती. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत आजी तिसऱ्या ओळीवर पोहोचल्या तेव्हा कुत्र्याशी जर्मन बोलणाऱ्या आजोबांचा नातू त्यांच्याबरोबर पुटपुटू लागला. त्याला आपण हे जाणतो याचा पत्ता नव्हता.

मी आजींना विचारले, तुमच्या मुलांना हे का शिकवले नाही? न्यायालयाने तर परवानगी दिली होती. त्यांनी सरळ उत्तर दिले. त्यांच्या वडिलांनी खटल्याच्या बातमीचे कात्रण जपून ठेवले होते. त्याच वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात घरात जर्मन बोलायचे नाही असा नियम केला. आजींनी स्वतः मुले झाल्यावर वेगळा काही विचारच केला नाही. कायद्याला जे जमले नाही ते घरांनी आपणहून केले, हे मी वहीत लिहून ठेवले, पण फलकावर कोठे लिहावे ते समजेना. शेवटी फलकावर ते आलेच नाही.

‘फ’ची आडवी रेघ पांढऱ्या रंगाने पुसली. जवळून पाहिले तर डाग दिसतो.

शुक्रवार, २३ जानेवारी

टेबलाचा एक कोपरा मुलांनी मला दिला. तुमची गोष्टही मांडा, असा त्यांचा आग्रह होता. माझी गोष्ट म्हणजे काय मांडायची, यावर मी दोन दिवस विचार करत होते. तिळाचे फूल? मोडीचा ‘क’? अखेरीस मी मनाने तंजावरला गेले.

लूथरन मिशनरी भारतात पहिल्यांदा आले ते १७०६ च्या जुलैमध्ये, डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युट्शाउ हे दोन तरुण जर्मन. त्यांनी आधी तमिळ शिकून घेतली आणि १७१५ पर्यंत तमिळमधला नवा करार छापून तयार झाला. याच मिशनचा पुढच्या पिढीतला माणूस म्हणजे क्रिस्टियान फ्रिडरिख श्वार्ट्झ. तो तंजावरला राहिला, आणि तंजावर त्या काळी मराठ्यांचे होते. भोसले घराण्याचे राजपुत्र सरफोजी यांचे पालकत्व आणि शिक्षण या लूथरन पाद्र्याच्या हाती होते. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले, त्याच वर्षी श्वार्ट्झ वारले. राजाने धर्म बदलला नाही, पण गुरूचे संगमरवरी स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून घडवून घेतले आणि ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्यामुळे नावारूपाला आले ते हेच सरफोजी. त्यांनी देवनागरी छापखाना काढला, आणि इसापच्या गोष्टी मराठीत पहिल्यांदा छापून निघाल्या त्या पुण्यामुंबईत नव्हे तर तंजावरात.

चौथीच्या मुलांना भोसले, तंजावर किंवा डेन्मार्कचे बंदर यांतले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. इसाप मात्र ठाऊक आहे. कोल्हा आणि द्राक्षे ही गोष्ट मी एका कार्डावर मराठीत लिहिली, मुलांनी खाली चित्र काढले आणि एका मुलाने शेजारी कंसात इंग्रजीत लिहिले, ‘हेही लूथरन, पण थोडेसेच’. मी ते खोडले नाही.

रविवार, २५ जानेवारी

सप्ताहाची सुरुवात आजच्या उपासनेने झाली. मुलांनी दोन गीते गायली, त्यानंतर सभागृहात टेबले पाहायला गर्दी झाली. पाचवीच्या वर्गाचा ज्वालामुखी दोनदा फुटला, त्यामुळे आमच्या टेबलाकडे बराच वेळ कुणी फिरकले नाही. मग म्हातारी माणसे हळूहळू इकडे आली आणि हललीच नाहीत. एका आजोबांनी पुस्तकावर हात ठेवला आणि ते काही न बोलता तसेच उभे राहिले. एका काकूंनी फलकावरचा पांढरा डाग नखाने खरवडून पाहिला.

मुलांनी मेयरचे छोटे नाटकही केले. वकील दारात येतो तिथपर्यंत. मेयर झालेल्या मुलाने जर्मन वाक्य म्हणायचे आणि पडदा पडायचा, असे ठरले होते. तो वाक्य विसरला आणि त्याने जे आठवले ते म्हटले : ‘गोड गोड’. लोकांना ते काहीतरी जर्मन वाटले आणि टाळ्या पडल्या.

गुरुवार, २९ जानेवारी

सप्ताहात पायजम्याचा दिवस झाला, उलट्या कपड्यांचा दिवस झाला, शिक्षक विरुद्ध आठवी असा व्हॉलीबॉलचा सामना झाला आणि शिक्षक हरले. आज काटारिना फोन बोरा हिचा जन्मदिवस, १४९९ चा. मठातून पळून मासळीवाल्याच्या गाडीतून बाहेर पडलेली, पुढे लूथरशी लग्न करून घर, शेत आणि बिअरची भट्टी सांभाळणारी ही बाई मुलांना लूथरपेक्षा अधिक जवळची वाटते. मासळीच्या पिंपात ती किती वेळ बसली असेल, हा प्रश्न सोडवण्यातच तास संपला.

शुक्रवार, ३० जानेवारी

मुलांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहून आज दुपारी एक ते दीड हा वेळ मागून घेतला होता. हजेरी ऐच्छिक ठेवायची, असेही त्यात लिहिले होते, कारण मेयरच्या वर्गातही ती ऐच्छिक होती. सतराच्या सतरा थांबली, अर्थात पर्याय म्हणून बाहेर बर्फाळ मैदान होते हेही नमूद करायला हवे.

पहिली दहा मिनिटे आजी, जर्मनमध्ये जेवणाची प्रार्थना. पुढची दहा मिनिटे नुएर. त्या मुलीची आई कामावरून सुट्टी घेऊन आली होती. तिने एक ते दहा आकडे शिकवले आणि मुलांचे उच्चार ऐकून ती तोंडाला पदर लावावा तशी ओढणीआड हसली. शेवटची दहा मिनिटे माझी. मी काय शिकवावे याची तयारी केली होती, पण मुलांनी आधीच ठरवून ठेवले होते. त्यांना ‘हे काय आहे?’ असे मराठीत विचारायला शिकायचे होते. उरलेला वेळ ती खोलीभर हिंडत खडू, घड्याळ, क्रूस, हातमोजा, माझा चष्मा यांच्याकडे बोट दाखवत तेच विचारत राहिली, आणि मी उत्तरे देत राहिले. ‘हातमोजा’ हा शब्द मला स्वतःला आठवायला क्षणभर वेळ लागला.

सोमवार, २ फेब्रुवारी

टेबल आवरले. पुस्तक पुन्हा रुमालात गुंडाळून घरी गेले, त्यासोबत आजींनी सांगितलेल्या उच्चारांचा कागदही. फलक वर्गात मागच्या भिंतीवर राहील.

पुढील कामे अशी आहेत. शाळेचा शंभरावा दिवस जवळ आला आहे, त्यासाठी प्रत्येकाने शंभर वस्तू आणायच्या आहेत, खाद्यपदार्थ आणल्यास यादी पाहून. १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवसापासून चॅपलमध्ये वेदीवर जांभळे वस्त्र येईल आणि पाठांतर प्रभूच्या प्रार्थनेकडे वळेल. मार्चमध्ये प्लॅट नदीवर सारस पक्षी उतरतात, त्यासाठी बसची चौकशी करायची आहे. वसंतात चौथीची सहल लिंकनच्या राज्यभवनाला जाईल. जाताना हॅम्प्टन वाटेत लागत नाही, ते उलट्या दिशेला आहे. तरीही एकाच दिवशी दोन्ही बसवता येईल का, हे वर्गशिक्षक नकाशा घेऊन पाहत आहेत. मुख्याध्यापकांनी इंधनाचा हिशेब मागितला आहे.

नुएर मुलीच्या आईने चिठ्ठी पाठवली आहे. शुक्रवारी एक ते दीड ती पुन्हा येऊ शकते का, असे तिने विचारले आहे. या शुक्रवारी त्या वेळी गणिताची चाचणी आहे. चाचणी गुरुवारी घेतो, असे वर्गशिक्षक म्हणाले.